संमीलन अणुभट्टीतलं पोलाद आणि त्यात जन्मणारे दोन वायू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अणुसंमीलनाच्या बातम्या बहुतेक प्लाझ्माभोवती फिरतात. किती कोटी अंश तापमान गाठलं, किती सेकंद टिकवलं, किती ऊर्जा मिळाली. त्या प्लाझ्माला वेढून बसलेल्या पोलादाचं काय होतं, हे मात्र क्वचितच कोणी विचारतं. हे पान त्या पोलादाबद्दल आहे, आणि त्यातही त्याच्या पोटात तयार होणाऱ्या हायड्रोजन आणि हेलियमबद्दल. बारावीचं भौतिकशास्त्र आठवत असेल तर पुढचं सगळं समजेल.

पोलादात हेलियम येतो कुठून? प्लाझ्मातून झिरपतो का?

नाही. हा सगळ्यात जास्त पसरलेला गैरसमज आहे. ड्यूटेरियम आणि ट्रिटियमच्या संमीलनातून १७.६ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे १७.६ एमईव्ही ऊर्जा मिळते. त्यातली ३.५ एमईव्ही हेलियमच्या केंद्रकाकडे जाते आणि १४.१ एमईव्ही न्यूट्रॉनकडे. हेलियमचं केंद्रक विद्युतभारित असल्यामुळे चुंबकीय क्षेत्रात अडकतं, आपली ऊर्जा प्लाझ्माला देतं आणि शेवटी डायव्हर्टरमार्गे, म्हणजे प्लाझ्मातली राख बाहेर काढणाऱ्या भागातून, बाहेर काढलं जातं. एखादं थेट भिंतीवर आदळलं, तरी पोलादात ते दहा मायक्रोमीटरसुद्धा आत जात नाही. त्याचा त्रास पृष्ठभागापुरता.

न्यूट्रॉनला चुंबकीय क्षेत्र अडवत नाही. तो भिंतीत शिरतो, काही सेंटिमीटर सहज पार करतो, आणि वाटेत लोखंडाच्या एखाद्या केंद्रकावर इतक्या जोरात आदळतो की त्या केंद्रकातून अल्फा कण किंवा प्रोटॉन बाहेर फेकला जातो. लोखंड-५६ मधून अल्फा निघाला की मागे क्रोमियम-५३ उरतं. प्रोटॉन निघाला की मँगनीज-५६. अल्फा कणाने दोन इलेक्ट्रॉन मिळवले की झाला हेलियमचा अणू, प्रोटॉनने एक मिळवला की हायड्रोजनचा. म्हणजे हे वायू पोलादाच्या गाभ्यातच, त्याच्याच अणूंमधून तयार होतात. बाहेरून कितीही चांगला लेप दिला तरी हेलियम थांबत नाही, तो याच कारणाने.

मग हेलियमनेच थंड केलेल्या अणुभट्टीत पोलादात आणखी हेलियम शिरत असेल ना?

नाही. हेलियम धातूत जवळजवळ विरघळतच नाही. युरोपच्या डेमो प्रकल्पातल्या (संमीलनातून वीज बनवून दाखवण्यासाठी आखलेली अणुभट्टी) एका रचनेत ८० वातावरणांच्या दाबाचा हेलियम पोलादी नळ्यांतून वाहणार आहे, पण त्यातला एक अणूही आपणहून धातूच्या जालकात, म्हणजे अणूंच्या नियमित मांडणीत, जाऊन बसणार नाही. आत शिरत नाही म्हणून बाहेरचा हेलियम निरुपद्रवी, आणि आत जन्मलेला बाहेर पडू शकत नाही म्हणून घातक. गुणधर्म एकच.

विखंडन अणुभट्ट्या सत्तर वर्षं चालू आहेत. तिथे हा प्रश्न आला नाही का?

आला, पण सौम्य रूपात. विखंडनातून निघणाऱ्या न्यूट्रॉनची सरासरी ऊर्जा सुमारे २ एमईव्ही असते. लोखंडातून अल्फा किंवा प्रोटॉन बाहेर काढायला त्याहून बरीच जास्त लागते, आणि तेवढी ऊर्जा असलेले न्यूट्रॉन विखंडनात फार थोडे. संमीलनात मात्र जन्मणारा प्रत्येक न्यूट्रॉन १४ एमईव्हीचा.

इथे दोन एककं समजून घ्यावी लागतात, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर उभं आहे. पहिलं डीपीए : पदार्थातला प्रत्येक अणू सरासरी किती वेळा आपल्या जागेवरून हुसकला गेला, याचा आकडा. १०० डीपीए म्हणजे प्रत्येक अणू सरासरी शंभर वेळा उडाला. ऐकायला भयंकर वाटतं, पण उडालेले बहुतेक अणू क्षणार्धात कुठल्या तरी रिकाम्या जागी परत बसतात. खरं नुकसान करतात ते न बसलेले थोडे. दुसरं एकक एपीपीएम : दर दहा लाख अणूंमागे किती अणू वायूचे.

संमीलन अणुभट्टीच्या पहिल्या भिंतीतल्या पोलादात दर डीपीएमागे साधारण १० ते १२ एपीपीएम हेलियम आणि ४० ते ४५ एपीपीएम हायड्रोजन तयार होतो. वेगवान न्यूट्रॉनच्या विखंडन अणुभट्टीत अशाच पोलादात हेलियमचा हाच आकडा एकच्या खाली, बहुधा काही दशांशांत असतो. अणू हुसकण्याचं प्रमाण तेच ठेवलं तरी वायू दहापटींनी आणि त्याहूनही जास्त वाढतो. फरक या गुणोत्तराचा आहे, आणि सत्तर वर्षांचा अनुभव जशाचा तसा इकडे वापरता येत नाही तो त्यामुळेच.

दहा लाखांत दहा अणू? एवढ्याने काय बिघडणार?

हिशोब करून पाहू. व्यापारी वीजकेंद्रातल्या भिंतीने बदलण्याआधी १०० डीपीए सोसले असं धरलं, तर हेलियम होतो सुमारे १००० एपीपीएम, म्हणजे हजार अणूंमागे एक. एक किलो पोलादात अंदाजे १८ मोल अणू असतात. त्यातला हजारावा भाग म्हणजे ०.०१८ मोल हेलियम, आणि साध्या दाबाला त्याचं आकारमान भरतं सुमारे ४०० मिलिलिटर. एक किलो पोलाद स्वतः जागा व्यापतं जेमतेम १३० मिलिलिटर. स्वतःच्या तिप्पट आकारमानाचा वायू त्या धातूच्या पोटात कोंडलेला, आणि त्याला बाहेर पडायला वाट नाही.

वाट का नाही? हेलियम तर फुग्यातूनसुद्धा निसटतो.

नुसता एकटा हेलियम अणू धातूत अडतच नाही. लोखंडाच्या अणूंमधल्या फटींतून तो खोलीच्या तापमानालाही अतिशय सहज सरकतो. अडथळा एका इलेक्ट्रॉन व्होल्टच्या दहाव्या भागाहूनही कमी. पण त्या फटीत असणं त्याला ऊर्जेच्या हिशोबाने फार महाग पडतं, चार इलेक्ट्रॉन व्होल्टच्या वर. म्हणून जालकातला एखादा अणू उडाल्यामुळे झालेली रिकामी जागा दिसली की तो तिथे जाऊन बसतो, आणि एकदा बसला की सोडवायला दोन इलेक्ट्रॉन व्होल्टहून जास्त ऊर्जा लागते. अणुभट्टी चालते त्या तापमानात ही सुटका दुर्मीळ.

आणि रिकाम्या जागांचा तुटवडा नाही, कारण वायू बनवणारा न्यूट्रॉनच अणू हुसकण्याचंही काम करतो. एका रिकाम्या जागेत दोन-तीन हेलियम जमले की ते आजूबाजूच्या आणखी रिकाम्या जागा ओढून घेतात, आणि बुडबुडा तयार होतो, एक-दोन नॅनोमीटरचा. एवढ्या लहान बुडबुड्याची भिंत ताणलेली ठेवायला आतला दाब हजारो वातावरणांचा लागतो. एक नॅनोमीटर त्रिज्येला तो चाळीस हजार वातावरणांच्या घरात जातो. अशा दाबाला हेलियम वायूसारखा वागत नाही, त्याची घनता घन पदार्थाच्या जवळ येते.

बुडबुडे झाले. पुढे बिघाड नेमका कसा होतो?

तापमानावर अवलंबून आहे, आणि त्यामुळेच या विषयातलं कुठलंही विधान तापमान सांगितल्याशिवाय अर्धवट असतं.

साधारण ३५० अंश सेल्सियसच्या खाली मूळ दुखणं हेलियमचं नसतंच. हुसकलेल्या अणूंचे छोटे छोटे पुंजके आणि वलयं तयार होतात, ती धातूतल्या अणूंच्या थरांच्या एकमेकांवरून होणाऱ्या घसरणीला अडथळा करतात, पोलाद कडक होतं आणि चिवटपणा गमावतं. प्रत्येक फेरिटिक पोलादाला एक तापमान असतं, ज्याच्या खाली ते वाकण्याऐवजी काचेसारखं तडकतं. युरोपात संमीलनासाठी बनवलेल्या युरोफर-९७ सारख्या चांगल्या पोलादात नवं असताना हे तापमान शून्याच्या बरंच खाली असतं. रशियातल्या दिमित्रोव्हग्राद इथल्या बीओआर-६० या वेगवान अणुभट्टीत सुमारे ३३० अंशांवर ७० डीपीएपर्यंत मारा केल्यावर ते खोलीच्या तापमानाच्याही वर चढलं. म्हणजे देखभालीसाठी अणुभट्टी थंड केली की भिंत ठिसूळ. आणि लक्षात घ्या, त्या नमुन्यांत हेलियम नगण्य होता.

आता त्यात हेलियम मिसळा. थोडा असेपर्यंत तो फक्त कडकपणात किंचित भर घालतो. बुडबुडे कणांच्या आत विखुरलेले असतात आणि फार त्रास देत नाहीत. पण प्रमाण साधारण ५०० एपीपीएमच्या आसपास गेलं की गोष्ट बदलते. पोलाद हे असंख्य सूक्ष्म स्फटिककणांचं बनलेलं असतं, आणि दोन कणांमधली सीमा ही दगडी बांधकामातल्या दरजेसारखी. हेलियम त्या दरजेत साचत जातो, तिथली पकड सैल करतो, आणि मग तडा कणांना कापत न जाता दरजेतून धावतो. तुटलेल्या नमुन्याचा पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की फरक लगेच कळतो : कणांचे सपाट पैलू उघडे पडलेले दिसतात. स्वित्झर्लंडमधल्या पॉल शेरर संस्थेत प्रोटॉनच्या माऱ्यातून काढलेल्या नमुन्यांत हे पाहिलं गेलं आहे.

५०० एपीपीएम हा आकडा मला फार बोलका वाटतो. दर डीपीएमागे १० धरले तर तो ५० डीपीएला गाठला जातो. युरोपच्या डेमोचा आराखडा असा, की पहिल्या टप्प्यातल्या भिंती २० डीपीएला बदलायच्या आणि दुसऱ्या टप्प्यातल्या ५० ला. दुसऱ्या टप्प्याची मर्यादा आणि हेलियमचा उंबरठा एकमेकांना जवळजवळ चिकटलेले आहेत.

४०० ते ४५० अंशांच्या पट्ट्यात दुसरं दुखणं सुरू होतं : सूज. बुडबुडा एका ठरावीक आकाराच्या पुढे गेला की वायूची मदत न घेता केवळ रिकाम्या जागा गिळत वाढत राहतो, त्याची पोकळी होते. धातूचं वजन तेच, आकारमान मात्र वाढतं. सी. कॉथॉर्न आणि ई. फुल्टन यांनी स्कॉटलंडमधल्या डूनरे इथल्या वेगवान अणुभट्टीतल्या स्टेनलेस स्टीलमध्ये अशा पोकळ्या पाहिल्या आणि १९६७ मध्ये ते प्रसिद्ध केलं. अणुभट्टीच्या रचनाकारांची झोप तेव्हापासून उडालेली आहे. पोकळीला सुरुवात करून देण्याचं काम हेलियम फार कार्यक्षमतेने करतो.

त्याहून वर, ५५० अंशांच्या पुढे, ताणाखाली असलेल्या कणसीमांवरचे बुडबुडे फुगत जाऊन एकमेकांना मिळतात आणि पोलाद फारसं न ताणता तुटतं. निकेलवाल्या ऑस्टेनिटिक स्टेनलेस स्टीलला हा रोग जास्त. पण ९ टक्के क्रोमियमची पोलादं एरवीही ५५० च्या वर हळूहळू सरपटायला लागतात, म्हणजे कायमच्या भाराखाली सावकाश लांबत जातात, त्यामुळे तिथे ती वापरतच नाहीत.

हायड्रोजन तर चौपट तयार होतो. मग त्याची चर्चा कमी का?

कारण तो निघून जातो. म्हणजे, निघून जातो असं आपण बराच काळ समजत होतो.

शुद्ध, न दुखावलेल्या लोखंडात हायड्रोजन इतक्या वेगाने पसरतो की ३०० ते ४०० अंशांवर काही मिलिमीटर जाडीची भिंत ओलांडायला त्याला मिनिटं पुरतात. रिकाम्या जागेशी त्याची बांधणी अर्ध्या इलेक्ट्रॉन व्होल्टच्या जरा वर, हेलियमच्या तुलनेत एक चतुर्थांश. तापमान थोडं वाढलं की तो सुटतो. म्हणून रचनाकारांनी हेलियमचा हिशोब ठेवला आणि हायड्रोजनचा सोडून दिला.

अडचण अशी की अणुभट्टीतलं पोलाद शुद्धही नसतं आणि न दुखावलेलंही नसतं. त्यात हेलियमचे बुडबुडे असतात, आणि बुडबुड्याच्या आतल्या पृष्ठभागाला हायड्रोजन चिकटून बसतो. पाण्याने थंड होणाऱ्या विखंडन अणुभट्ट्यांच्या गाभ्यातले स्टेनलेस स्टीलचे बोल्ट काढून तपासले, तेव्हा त्यांच्यात अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त हायड्रोजन सापडला. तिथे तो अनेक वाटांनी येतो : न्यूट्रॉनमुळे आत तयार झालेला, पाण्याच्या किरणोत्सर्गी विघटनातून आलेला, गंजण्याच्या प्रक्रियेतून आलेला. पण टिकतो तो बुडबुड्यांमुळे.

हेलियम आणि हायड्रोजन एकत्र आले की परिणाम बेरजेपेक्षा जास्त होतो का? जपानमध्ये ताकासाकी इथल्या तियारा प्रयोगशाळेत लोखंड, हेलियम आणि हायड्रोजन अशा तीन आयनांचे झोत एकाच वेळी पोलादावर सोडण्यात आले. तीन झोतांखालच्या नमुन्यांत सूज दोन झोतांपेक्षा जास्त निघाली. इतर ठिकाणच्या प्रयोगांचे निकाल त्याच्याशी नेहमी जुळत नाहीत. तापमान, माऱ्याचा वेग आणि पोलादाची जात बदलली की उत्तर बदलतं. हेलियमचं चित्र आता बरंच स्पष्ट आहे. हायड्रोजनबाबत ज्यांनी ठाम उत्तर दिलं आहे त्यांच्याकडे मी जरा संशयाने पाहतो.

पाण्याने थंड केलं तर हायड्रोजनचा त्रास वाढेल का?

वाढण्याची शक्यता धरूनच चालावं लागतं. डेमोच्या पाणीवाल्या रचनेत पाणी १५५ वातावरणांच्या दाबाखाली २९५ अंशांवर आत येतं आणि ३२८ वर बाहेर पडतं. म्हणजे नळीलगतचं पोलाद नेमकं त्या तापमानाला, जिथे किरणोत्सर्गाने येणारा ठिसूळपणा सर्वात वाईट असतो, आणि जिथे तापमान कमी असल्यामुळे हायड्रोजनला पळून जाणंही तितकं सोपं नसतं. पाण्याने थंड करण्याचं तंत्र जगाला पाठ आहे, हा त्याचा मोठा फायदा. किंमत ही अशी मोजावी लागते.

ट्रिटियमही हायड्रोजनच. तोही पोलादात साठतो का?

हो, आणि तिथे प्रश्न केवळ ताकदीचा उरत नाही. ट्रिटियम किरणोत्सर्गी आहे, दुर्मीळ आहे, आणि अणुभट्टीने स्वतःच तो लिथियमपासून बनवायचा आहे. भिंतीतल्या प्रत्येक सापळ्यात अडकलेला ट्रिटियम म्हणजे इंधनाच्या हिशोबातली तूट आणि सुरक्षेच्या हिशोबातला बोजा. शिवाय १२.३ वर्षांच्या अर्धायुष्याने तो हेलियम-३ मध्ये बदलतो, म्हणजे अडकलेला हायड्रोजन शेवटी हेलियमच होतो. प्रयोगशाळांनी या गोष्टीचा उपयोगही करून घेतला आहे : पोलादात ट्रिटियम भरायचा, थांबायचं, आणि किरणोत्सर्गाच्या माऱ्याशिवाय एकसारखा पसरलेला हेलियम मिळवायचा. ट्रिटियम आरपार जाऊ नये म्हणून ॲल्युमिनासारखे पातळ लेप देतात. ते बाहेरून येणाऱ्या हायड्रोजनला रोखतात; आत तयार होणाऱ्या प्रोटॉनना त्यांच्याशी देणंघेणं नाही.

हेलियम असलेलं पोलाद वेल्ड का करता येत नाही?

हा प्रश्न वेल्डिंग करणाऱ्यांकडून आला की मला बरं वाटतं, कारण प्लाझ्माच्या चर्चेत तो कोणाच्या ध्यानीमनी नसतो. संमीलन अणुभट्टीत माणूस आत जाऊ शकत नाही. भिंतीचे भाग बदलायचे तर यंत्रमानवाने नळ्या कापायच्या, नवा भाग बसवायचा, नळ्या पुन्हा जोडायच्या. वेल्डच्या उष्णतेने शेजारच्या पट्ट्यातला हेलियम हलायला लागतो, कणसीमांवरचे बुडबुडे भराभर मोठे होतात, आणि वेल्ड थंड होताना आकसतो तेव्हा त्या ताणाने नेमक्या त्याच सीमा उघडतात. जोड वरून सुरेख दिसतो आणि बाजूला बारीक तडे.

यासाठी किती हेलियम पुरतो? ५०० एपीपीएम विसरा. फ्रान्समध्ये उभारल्या जात असलेल्या इटर या आंतरराष्ट्रीय प्रायोगिक संमीलन अणुभट्टीच्या रचनेत जाड स्टेनलेस स्टील पुन्हा वेल्ड करायची मर्यादा सुमारे १ एपीपीएम आहे. एक. त्यामुळे कापण्या-जोडण्याच्या जागा न्यूट्रॉनपासून दूर, जाड आडोशामागे ठेवाव्या लागतात, आणि अणुभट्टीचा अर्धा भूगोल या एका आकड्याने ठरतो. पोलादातलं बोरॉनही यासाठी अगदी कमी ठेवतात, कारण बोरॉन-१० मंद न्यूट्रॉनसुद्धा गिळतं आणि लगेच हेलियम आणि लिथियममध्ये फुटतं.

यासाठी कोणती पोलादं वापरतात?

इटरमध्ये मुख्यतः ३१६ जातीचं स्टेनलेस स्टील आहे. तिथे पहिल्या भिंतीचा मारा तीन डीपीएच्या आत राहणार असल्याने ते चालतं. पुढच्या अणुभट्ट्यांत नाही : त्यात सुमारे १२ टक्के निकेल असतं, आणि निकेल लोखंडाहून जास्त हेलियम बनवतं, शिवाय ते सुजतं.

म्हणून जगभर ९ टक्क्यांच्या आसपास क्रोमियम असलेल्या फेरिटिक-मार्टेन्सिटिक पोलादांवर काम चाललं आहे. त्यांचं मूळ औष्णिक वीजकेंद्रांत आहे. सुपरक्रिटिकल बॉयलरच्या वाफेच्या नळ्या ज्यांनी जोडल्या आहेत, त्यांना हे कुळ पी-९१ या नावाने माहीत असेल. त्यातलं मॉलिब्डेनम, नायोबियम आणि निकेल काढून टंगस्टन, टँटलम आणि व्हॅनेडियम घातलं, की किरणोत्सर्गी कचरा हजारो वर्षांऐवजी शंभरेक वर्षांत हाताळण्याजोगा होतो. युरोपचं युरोफर-९७, जपानचं एफ-८२-एच, चीनचं क्लॅम, भारताचं इनराफम ही सगळी त्यातलीच भावंडं. शंभर-दीडशे डीपीएनंतरही विखंडन अणुभट्ट्यांत या कुळाची सूज फार थोडी राहिली. ही खात्री कमी हेलियमच्या स्थितीतली आहे, हे विसरू नये.

हेलियम थांबवता येत नाही, तर त्याला निदान चांगल्या जागी बसवता येईल का?

या क्षेत्रातली मला सर्वात आवडलेली कल्पना हीच. पोलादाच्या भुकटीत यट्रियम ऑक्साइड दळून मिसळतात आणि उष्णता-दाबाने ती घट्ट करतात. मग धातूत दोन ते पाच नॅनोमीटरचे ऑक्साइडचे कण पसरतात, घनमीटरमागे दहाच्या तेविसाव्या घाताच्या आसपास. प्रत्येक कणाच्या पृष्ठभागावर हेलियमचा छोटा बुडबुडा अडकतो. बुडबुडे असंख्य, म्हणून प्रत्येक जण लहान. लहान म्हणून पोकळी होऊन वाढत नाही. आणि कणसीमेपर्यंत हेलियम पोचतच नाही. प्रयोगांत हे दिसलं आहे.

मग सगळी अणुभट्टी याचीच का नाही? कारण भुकटी दळायला वेळ आणि पैसा लागतो, एका घाण्यातून थोडंच पोलाद निघतं, आणि वितळवून वेल्ड केलं की कण गुठळ्या करून वर तरंगतात, फायदा संपतो. काही किलोच्या नमुन्यापासून शेकडो टनांच्या भिंतीपर्यंतचं अंतर मोठं आहे.

पोलाद तापवून पूर्ववत करता येतं का?

अर्धं. बीओआर-६० मधून काढलेले युरोफरचे नमुने ५५० अंशांवर तीन तास ठेवले, तेव्हा हरवलेला चिवटपणा जवळजवळ पूर्ण परत आला. अणूंच्या विस्कळीतपणावर हा उपाय लागू पडतो. हेलियम मात्र जात नाही, उलट तापवल्याने बुडबुडे मोठे होऊ शकतात. हायड्रोजन निघतो.

ज्या अणुभट्ट्या अजून बांधल्याच नाहीत, त्यांच्यातलं पोलाद तपासतात कसं?

बदली खेळाडू उतरवून. १४ एमईव्हीच्या न्यूट्रॉनचा पुरेसा तीव्र झोत जगात कुठेच नाही. म्हणून वेगवेगळ्या युक्त्या, आणि प्रत्येकीची आपली खोट.

विखंडन अणुभट्टीत पोलाद ठेवायचं आणि त्यात बोरॉन मिसळून हेलियम मिळवायचा. पण बोरॉन कणसीमांवर जमतं, भराभर जळून जातं आणि सोबत लिथियम सोडतं. दुसरी युक्ती निकेलची : निकेल-५८ एक न्यूट्रॉन गिळून निकेल-५९ होतं, ते आणखी एक गिळून अल्फा सोडतं. अमेरिकेत ओक रिज इथल्या एचएफआयआर अणुभट्टीत यावर पुष्कळ काम झालं. गोची अशी की दोन टक्के निकेल घातलं की पोलादाचा स्वभावच बदलतो. जो ठिसूळपणा मोजला तो हेलियमचा की निकेलचा, यावर वर्षानुवर्षं वाद चालले. याच अणुभट्टीत पुढे जास्त हुशार प्रयोग झाला : नमुन्यावर निकेलचा समावेश असलेला पातळ थर द्यायचा, थरातून सुटलेले अल्फा शेजारच्या पोलादात काही मायक्रोमीटर घुसतात, आणि पोलादाची रसायनी कायम राहते.

तिसरी वाट आयनांच्या झोतांची. तियारासारखी सोय फ्रान्समध्ये साक्ले इथे आहे, अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात आहे. गुणोत्तर हवं तसं लावता येतं आणि नमुना किरणोत्सर्गी होत नाही. पण मारा वरच्या काही मायक्रोमीटरपुरता, आणि वेग खऱ्या अणुभट्टीच्या हजारपट किंवा जास्त. हायड्रोजनला पळायला वेळच मिळत नाही, मग तो थांबला याचा अर्थ काय लावायचा? चौथी वाट उच्च ऊर्जेच्या प्रोटॉनची, पॉल शेरर संस्थेतली. तिथे दर डीपीएमागे हेलियम ५० ते १०० एपीपीएम, म्हणजे गरजेपेक्षा बराच जास्त. ५०० एपीपीएमचा तो उंबरठा बऱ्याच अंशी याच नमुन्यांवर उभा आहे. खऱ्या गुणोत्तराला, खऱ्या वेगाला तो वर सरकेल की खाली, हे प्रयोगानेच ठरेल.

त्यासाठी स्पेनमध्ये ग्रानादाजवळ डोनेस हा प्रकल्प उभा राहतो आहे. ४० एमईव्हीचे ड्यूटेरॉन (ड्यूटेरियमची केंद्रकं), १२५ मिलिअँपिअरचा प्रवाह, म्हणजे पाच मेगावॉटचा झोत, द्रव लिथियमच्या २५ मिलिमीटर जाड पडद्यावर आदळणार. हा पडदा सेकंदाला सुमारे १५ मीटर वेगाने वाहत राहील, कारण थांबला तर उकळेल. त्यातून निघणाऱ्या न्यूट्रॉनमुळे हेलियमचं गुणोत्तर संमीलनाच्या जवळपास येतं. सर्वाधिक माऱ्याची जागा मात्र लिटरभरसुद्धा नाही, म्हणून नमुने नखाएवढे करावे लागतात आणि त्यावरून मोठ्या भिंतीचं अनुमान काढण्याचं वेगळंच शास्त्र तयार होतं आहे.

पोलादाऐवजी दुसरं काही?

सिलिकॉन कार्बाइडमध्ये दर डीपीएमागे हेलियम पोलादाच्या दहापट, शंभराच्या पुढे. व्हॅनेडियमच्या मिश्रधातूंत निम्मा, पण ते हायड्रोजन आणि ऑक्सिजन अधाशीपणाने शोषतात. टंगस्टनमध्ये हेलियम फारच कमी तयार होतो. ते समोरच्या कवचासाठी छान, पण मुळातच ठिसूळ असल्याने भार पेलायला नको. फिरून पोलादच.

या हेलियममुळे पोलाद जास्त किरणोत्सर्गी होतं का?

नाही. हेलियम-४ आणि साधा हायड्रोजन दोन्ही स्थिर आहेत.

“संमीलनासाठीच्या पोलादाचा प्रश्न सुटला” अशा बातम्या येतात. किती खऱ्या?

बातमीत तीन गोष्टी शोधा : मारा किती डीपीएचा, तापमान किती, आणि हेलियमचं गुणोत्तर किती. तिसरा आकडा सहसा नसतो. “२०० डीपीएनंतरही सूज नाही” हे वाक्य आयनांच्या एका झोताखाली, हेलियमशिवाय खरं असू शकतं, आणि संमीलन अणुभट्टीच्या दृष्टीने त्याचा उपयोग थोडाच. जुन्या अणुभट्टीचा दाखलाही इथे कामी येत नाही. इंग्लंडमधल्या जेट या संमीलन यंत्राने ऑक्टोबर २०२३ मध्ये ६९ मेगाज्यूलचा विक्रम केला, पण इतक्या वर्षांत त्याच्या भिंतीला झालेला मारा एका डीपीएचा अगदी बारीक अंश आहे.

भारतात यावर काय काम आहे?

इनराफम हे पोलाद कल्पक्कमचं इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्र, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि हैदराबादची मिधानी यांनी मिळून घडवलं. क्रोमियम ९ टक्के, टंगस्टन १.४, टँटलम ०.०६, टंगस्टन-टँटलमची वेगवेगळी प्रमाणं करून, सरपटणं आणि चिवटपणा दोन्ही मोजून ही जोडी निवडली गेली. कल्पक्कमला आयनांचे झोत सोडणारी त्वरकं आहेत, त्यामुळे हेलियम घालून सूज पाहण्याचं काम देशातच होऊ शकतं.

इटरसाठी हझिऱ्याला लार्सन अँड टुब्रोने बनवलेल्या क्रायोस्टॅटचे, म्हणजे सगळ्या यंत्राला वेढणाऱ्या प्रचंड निर्वात टाकीचे, फोटो सगळ्यांनी पाहिले. भारताने पाठवलेली दुसरी वस्तू फोटोत दिसत नाही : प्लाझ्मा सामावणाऱ्या निर्वात पात्राच्या दोन भिंतींमध्ये भरलेले बोरॉनयुक्त पोलादाचे ठोकळे. वेल्ड करायच्या पोलादातून जे बोरॉन निगुतीने बाहेर ठेवतात, ते इथे मुद्दाम घातलं आहे. न्यूट्रॉन गिळून बोरॉन हेलियम बनवेल, आणि बनवू दे. हे ठोकळे बोल्टने बसवलेले आहेत, त्यांना कोणी पुन्हा वेल्ड करणार नाही.